दाजींचा लांब सूर

दाजी खरं तर एकाच माणसाचे दाजी होते, ते म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचे. हा मेहुणा फरश्यांच्या दुकानात विक्रेता होता आणि रविवारी ड्रम बडवायचा. सहा वर्षांपूर्वी त्यानेच यांना बॅन्डमध्ये आणलं. "हे आमचे दाजी, बास गिटार वाजवतात," एवढं तो बोलला, आणि बाकीच्या दोघांनी पुढचं न ऐकता तेच नाव उचललं. गाणारे दातांचे डॉक्टर वयाने चार वर्षांनी मोठे, तेही दाजीच म्हणायचे. थोडक्यात, बॅन्डमधली त्यांची जागा म्हणजे ड्रमवाल्याच्या बहिणीचा नवरा ही होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. दाजी सोडून.

दाजींना वाटायचं, आपण पाया आहोत.

बास वाजवणाऱ्या हौशी माणसाला मतं फार असतात, कारण ती त्याला कोणी विचारत नाही. दाजींकडे तर मतांचं गोदाम होतं. चार तारा पुरे. पाचवी तार म्हणजे हाताला सहावं बोट, डॉक्टरकडे जाऊन काढून टाकावी. वाजवायचं ते बोटांनी. पिकनं, म्हणजे प्लास्टिकच्या चकतीनं, बास वाजवणं म्हणजे हातमोजे घालून पोराच्या गालावरून हात फिरवणं. नव्या तारा घ्यायच्या नाहीत, त्या पितळी भांड्यांसारख्या किणकिणतात. त्यांच्या गिटारवर अकरा वर्षं त्याच चार तारा होत्या. पण तारा जुन्या झाल्या की मरतात, आवाज गोणपाटासारखा होतो. मग काय करायचं? तर काढून उकळायच्या, म्हणजे पुन्हा नव्यासारख्या वाजतात. नव्या नकोत आणि नव्यासारख्या हव्यात, ही दोन मतं दाजींच्या डोक्यात शेजारी शेजारी राहात होती, पण त्यांची एकमेकांशी कधी ओळख झाली नव्हती.

दर तीन महिन्यांनी दुधाच्या पातेल्यात चार तारा वेटोळी घालून रटरटत. वर काळपट साय धरे.

बायको म्हणायची, "अकरा वर्षांचा बोटांचा मळ आहे तो. आणि उद्याचा चहा याच पातेल्यात."

"उकळलं की जंतू मरतात," दाजी घड्याळाकडे बघत म्हणायचे. दहा मिनिटं, एक चिमूट सोडा, वर एक मिनिट नाही.

"मग तुम्हीही उतरा एकदा त्यात."

घरात कुठेही गाणं लागलं की दाजी एक बोट वर करत. "थांब. ऐक. आला बघ." बायको थांबायची, ऐकायची, तिला काही यायचं नाही. मग दाजी मान हलवत, आंधळ्याला रस्ता ओलांडून दिल्यावर हलवतात तशी. "तुम्हा सगळ्यांना गाणं ऐकू येतं," ते म्हणत. "मला गाण्याच्या खालचं ऐकू येतं." हे वाक्य त्यांनी घरी, दुकानात, मेहुण्याच्या साखरपुड्यात आणि एकदा चुलतसासऱ्यांच्या आजारपणात, खाटेशेजारी बसून म्हटलं होतं. चुलतसासरे ऐकायला कमीच होते, म्हणून बरं झालं.

पोटापाण्याला ते चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाईक उंच खुर्चीवर, नाकावर ती लोखंडी जड चौकट, समोर अक्षरांचा उजळलेला तक्ता, आणि दाजी चौकटीत भिंगं घालत, काढत, देवळातल्या पुजाऱ्याच्या आवाजात विचारत, "हे बरं, की हे बरं? पहिलं, की दुसरं?" दिवसाला चाळीस जणांना. रात्री झोपेत कूस बदलतानाही ते एकदा "पहिलं की दुसरं" म्हणाल्याचं बायको सांगते, आणि तिने त्यावर काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बॅन्डची तालीम रविवारी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बसायच्या खोलीत. एकाला एक जोडलेल्या सात खुर्च्या, भिंतीवर मधोमध कापलेल्या दाढेचं चित्र, कोपऱ्यात काचेची पेटी आणि तिच्यात एकच मासा. दाजींनी जाडी तार छेडली की मासा प्लास्टिकच्या किल्ल्यामागे जाऊन बसायचा. दाजी म्हणत, बघा, त्याला कळतं. आतल्या खोलीत दात कोरायचं यंत्र, आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर त्यामागच्या फडताळात. हवा कमी झाली की तो आपणहून सुरू व्हायचा, मिनिटभर घुमायचा, आपणहून बंद व्हायचा. रविवारी डॉक्टर त्याचं बटण बंद ठेवत.

डॉक्टर गाताना चांगले होते, बोलताना मात्र कायम दवाखान्यातच असत. सूर चुकला म्हणून कोणाला सांगायचं झालं तरी आधी खांद्यावर हात ठेवून, "काही नाही, जरासं लागेल, लगेच संपेल." मुख्य गिटार वाजवणारा विमा एजंट. त्याला वेळ विचारली तरी तो "समजा, देव न करो, उद्या तुम्ही नसलात" इथून सुरुवात करायचा. मेहुणा अर्धंच वाक्य बोलायचा आणि उरलेलं ड्रमवर: "दाजी, तुम्ही जरा त्या ठिकाणी..." धडाम. दाजी मान डोलवायचे. काय कळायचं कोण जाणे.

एका रविवारी मधल्या चहाला दाजी रंगात आले आणि त्यांनी दुकानातली एक गंमत सांगितली. फार नखरे करणारं, "नाही हो, अजून धूसरच" करणारं गिऱ्हाईक आलं की ते काय करत? चौकटीतलं भिंग काढत, खिशातल्या फडक्याने पुसत, आणि तेच भिंग परत घालत. मग त्याच आवाजात: "आता? पहिलं की दुसरं?"

"आणि?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुसरं." दाजी इतके हसले की कपातला चहा बशीत आला. "शंभरातले नव्वद म्हणतात दुसरं. एक बाई तर म्हणाल्या, आता कसं, पानावरची धूळपण दिसते." त्यांनी त्या बाईंचा आवाज काढून दाखवला, हनुवटी वर करून, डोळे मिचकावत. "माणसाला सांगावं लागतं की त्याला दिसतंय. मग दिसतं."

सगळे हसले. डॉक्टर हसले ते जरा उशिरा, आणि हसून झाल्यावरही दाजींकडे बघत राहिले. दाढ किडलीय हे पेशंटच्या आधी ज्याला कळतं त्याचं ते बघणं होतं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की दातांच्या डॉक्टरांचं वार्षिक संमेलन आहे, दुपारच्या जेवणाआधी तासभर आपलं गाणं. दोनशे डॉक्टर. मग त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"काही नाही दाजी, जरासं लागेल. मला असं वाटतं, तुमच्यामुळे शब्द बुडतात. आपण यावेळी तिघांनीच करावं."

दाजी आधी हसले, कारण त्यांना तो विनोद वाटला. मग मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा ड्रमच्या खिळ्या तपासत होता, ज्या त्याने सहा वर्षांत कधी तपासल्या नव्हत्या.

"मला काढाल तर गाणं बसेल खाली," दाजी म्हणाले. "जिना काढून वरच्या मजल्यावर राहाल होय? बास ऐकू येत नाही, पण नसला की कळतं."

"कोणाला कळतं?" एजंटाने विचारलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. तो एरवीही असेच प्रश्न विचारतो, फॉर्मवर असतात म्हणून.

"मला कळतं. एक सूर वाजू दे, मी सांगतो आहे की नाही."

"मग बघूया का?" डॉक्टर फार गोड आवाजात म्हणाले. "एक गाणं दोनदा रेकॉर्ड करू. एकदा तुम्ही, एकदा तुमच्याशिवाय. तुम्ही फक्त सांगायचं. पहिलं, की दुसरं."

दुसरा कोणी असता तर इथे सावध झाला असता. दाजींनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. ओळखता आलं तर संमेलनापुरतंच नाही, पुढेही कोणी हा विषय काढायचा नाही. आणि नाही आलं तर? नाही आलं तर दाजी बॅन्डमध्ये नाहीत. हे त्यांनी स्वतः म्हटलं, कोणी म्हणायला लावलं नाही. मेहुणा "दाजी, असू द्या ना, उगीच..." एवढं बोलला, पण त्याच्या हातात काठ्या नव्हत्या, त्यामुळे वाक्य तिथेच पडलं.

पहिल्यांदा चौघांनी वाजवलं. दाजी डोळे मिटून, खालचा ओठ पुढे काढून वाजवत होते. तारा आदल्याच दिवशी उकळलेल्या. मग त्यांना बाहेर जिन्यात उभं केलं आणि दार लावलं. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी कुकरची शिट्टी होत होती. आत तिघे वाजवत होते, त्यातले दाजींना फक्त ड्रम ऐकू आले. ते मनात म्हणाले, बघा, बसलंच.

एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे एक सुजलेली दाढ आली होती, रविवार असूनही. आतलं बटण चालूच राहिलं होतं.

डॉक्टरांनी एका कागदाच्या चिठ्ठीवर खरं उत्तर लिहून ती माशाच्या पेटीखाली सरकवली. मेहुण्याने दोन्ही ध्वनिमुद्रणं चिठ्ठीतल्या क्रमाने मागेपुढे करून भिंतीवरच्या टीव्हीच्या स्पीकरवर लावली. दाजी सातातल्या मधल्या खुर्चीवर बसले, हात गुडघ्यांवर. पेशंटसारखे.

पहिलं वाजलं. दाजी नाक मुरडून ऐकत होते. अर्ध्यावरच त्यांनी हात वर केला. "पोकळ आहे. बंद कर. लाव दुसरं."

दुसरं लागलं आणि दाजींचा चेहरा उजळला, तक्ता उजळतो तसा. बोट वर गेलं.

"आलो. हे बघा. इथे मी मुद्दाम मागे राहिलोय, तुम्हाला जागा दिलीय, डॉक्टर. कळतंय?" गाणं कडव्यावर आलं आणि खालून एक जाड, सलग सूर उठला. दाजी खुर्चीतून अर्धे उठले. "आणि हा. हा सूर ऐका. दोन ओळी धरलाय, हलला का कुठे? नवीन पोरं चार चार सूर कोंबतात तिथे. मी एकच ठेवला. याला म्हणतात पाया. याला छाती लागते." त्यांचे डोळे ओले झाले होते. हे तिघांनीही नंतर शपथेवर सांगितलं. "तारा उकळल्याचा हा फायदा. बघ रे, तुझ्या ताईला ऐकव हे."

सूर आला तसा एकदम तुटला, शेवटी एक फुसकारा टाकून.

मेहुण्याने तोंडावर हात ठेवला होता. डॉक्टरांनी पेटीखालून चिठ्ठी काढली, पण वाचली नाही. दुखणाऱ्या जागी ते कधी घाईने हत्यार लावत नाहीत. शेवटी एजंट म्हणाला, अगदी हळू, दावा फेटाळल्याचं घरच्यांना सांगतात तसं:

"दाजी, तो कॉम्प्रेसर आहे."

मग मात्र मेहुण्याला धरवेना. तो ड्रमवर पालथा पडून हसला, झांज खाली पडली, मासा किल्ल्यामागे गेला. डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. दाजीही हसले. माणूस घसरून पडला की उठायच्या आधी हसतो, तेवढंच. मग त्यांनी गिटार पिशवीत घातली, केबल गुंडाळली, नीट, आठाच्या आकारात, आणि जिना उतरले.

घरी पोचायला त्यांना वीस मिनिटं लागली. फोनला तेवढी लागत नाहीत. बायकोने दार उघडलं तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि खांदे हलत होते. ती वाईट बाई नाही. तिने पाणी दिलं, ताट वाढलं, पहिला घास पोटात जाऊ दिला. मग फ्रीज घूं करून सुरू झाला, आणि तिने एक बोट वर केलं.

"थांबा. ऐका. आलात बघा."

त्या आठवड्यात दाजींनी दुकानात एकाही गिऱ्हाइकाला तेच भिंग दोनदा घातलं नाही. "पहिलं की दुसरं" विचारताना त्यांचा आवाज जरा कापायचा. एका म्हाताऱ्यांनी विचारलं, काहो, माझं काही गंभीर आहे का?

गुरुवारी डॉक्टर दुकानात आले. दाजींनी त्यांना बघून आतल्या खोलीत दिवा मालवला, पण तिथे अंधार हीच बसायची सोय असल्याने डॉक्टर सरळ उंच खुर्चीवर जाऊन बसले. काम असं होतं की संमेलनाची पत्रिका छापून झाली होती. तिच्यावर चौघांचा फोटो होता, चौघांचे निळे कोट शिवून झाले होते, आणि अध्यक्षांना सगळं पत्रिकेप्रमाणे लागतं. तिघे उभे राहिले तर चौथा कुठे गेला असं दोनशे डॉक्टर विचारणार.

"तर तुम्ही या," डॉक्टर म्हणाले. "कोट घालून उभे राहा, वाजवा. फक्त केबल लावायची नाही. काही दुखणार नाही."

कोणाही स्वाभिमानी माणसाने इथे त्या लोखंडी चौकटीने डॉक्टरांचं नाक मोडलं असतं. दाजी तक्त्यावरच्या सर्वांत खालच्या ओळीकडे बघत राहिले, जी कोणालाच वाचता येत नाही. मग म्हणाले, "तारा उकळून आणू?"

डॉक्टर खुर्चीवरून उतरले. "आणा की," ते म्हणाले.

संमेलनाच्या सभागृहात रंगमंचाच्या मागच्या पडद्याआड जनरेटर होता. दिवे त्याच्यावर, पंखे त्याच्यावर. तोवर बॅन्डमध्ये कॉम्प्रेसरला 'छोटे दाजी' म्हणायची पद्धत पडली होती, तेव्हा हा जनरेटर ओळीनेच 'थोरले दाजी' झाला. "थोरल्यांना सांगा, शेवटच्या गाण्याला जरा..." मेहुणा म्हणाला आणि हवेत काठी मारली. दाजींनी ऐकलं न ऐकलं केलं. निळा कोट त्यांना काखेत घट्ट होता.

आणि दाजींनी वाजवलं. म्हणजे वाजलं काही नाही. पण तासभर एक सूर चुकला नाही. प्रत्येक बोट प्रत्येक जागी, प्रत्येक थांबा थांब्यावर. गिटारच्या टोकाला जिथे केबल लागते तिथलं भोक प्रेक्षकांकडे होतं आणि त्यात दिव्याची तिरीप जाऊन चमकत होती. बायको चौथ्या रांगेत होती. तिने फोटो काढले. दाजी बरे दिसत होते. शेवटच्या गाण्याला दिव्यांचा भार वाढला, जनरेटर जोरात घुमायला लागला आणि गाणं संपल्यावरही चार क्षण घुमत राहिला. टाळ्या पडल्या.

जेवणाच्या रांगा लागल्या तेव्हा एक साठीचे, बारीक, खांदे पाडून चालणारे डॉक्टर दाजींना शोधत आले. ताट हातात, पण वाढून घेतलेलं नाही. ते दूरच्या गावचे होते आणि त्यांना बोलायची सवय नसावी. दात काढणाऱ्यांना उत्तरं ऐकायची सवय नसतेच.

"मीही वाजवतो," ते म्हणाले. "बास. घरीच. मंडळी दार लावून घेतात." मग जरा धीर करून, "आज मी बाकी कोणाला ऐकलंच नाही हो. फक्त तुम्हाला ऐकत होतो. तो शेवटचा लांब सूर... सगळे थांबले तरी तुम्ही सोडला नाहीत. काटा आला अंगावर."

दाजींनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. पडद्याआड थोरले अजून घुमत होते. मेहुणा हातभर अंतरावर ताट घेऊन उभा, सगळं ऐकत, घास तोंडाशी थांबलेला. तोंडावर आलेलं खरं दाजींनी जिभेवर फिरवलं आणि गिळलं.

"बोटांनी वाजवता की पिकनं?" त्यांनी विचारलं.

"पिकनं," ते गृहस्थ ओशाळून म्हणाले. "बोटं आता साथ देत नाहीत. संधिवात."

"असं." दाजींनी खुर्चीला टेकवलेली गिटार उचलली, मांडीवर घेतली. आवाज बदलला. देवळातल्या पुजाऱ्याचा झाला. "मग तुम्हाला फरक ऐकू येतो का बघू. कान जवळ आणा."

ते वाकले. ताट छातीशी धरून, डोळे मिटून, कान थेट लाकडाला लावून. दाजींनी जाडी तार बोटाने एकदा छेडली. थांबले. कोटाच्या खिशातून काही काढल्यासारखं केलं. मग त्याच बोटाने, त्याच जागी, तेवढ्याच जोराने पुन्हा छेडली.

"एक बोटाने, एक पिकनं. पहिलं की दुसरं?"

गृहस्थांनी खूप विचार केला. परीक्षेतल्या मुलासारखे त्यांचे ओठ हलत होते.

"दुसरं," ते म्हणाले. "दुसरं बोटाचं. काय गोडवा आहे त्यात."

"दोन्ही एकच होते," दाजी म्हणाले, रांगेतल्या दहा-बारा जणांना ऐकू जाईल असं. "बोटच होतं. पिक माझ्याजवळ नसतंच. तुम्ही नका वाजवू, डॉक्टर. मंडळी दार लावतात ते बरोबर करतात."

रांगेत कोणीतरी हसलं. गृहस्थही हसले, उठायच्या आधी. मग ते रिकामं ताट घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, आणि थोड्या वेळाने तिथे नव्हते.

परतताना गाडीत दाजींनी त्यांची नक्कल करून दाखवली, खांदे पाडून, कान सीटच्या पाठीला लावून: "दुसरं. काय गोडवा आहे त्यात." डॉक्टरांना गाडी बाजूला घ्यावी लागली. एजंट म्हणाला, समजा, देव न करो, तो मेलाबिला तर. मेहुण्याने दाजींच्या पाठीवर दोन्ही हातांनी ताल धरला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"पण दाजी," डोळे पुसत त्याने विचारलं, "त्याला जनरेटरचं..."

"ते कशाला सांगायचं?" दाजी म्हणाले, आणि गिटार पायांमध्ये सरळ उभी धरून बसले.